यार्ड क्रेनवर नव्याने बसणाऱ्यासाठी

न्हावा शेव्याच्या यार्डात रबर टायरच्या गॅन्ट्री क्रेनवर (चाकांवर फिरणाऱ्या, कमानीसारख्या क्रेनवर) तुम्ही शिकायला सुरुवात करत आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. पहिले काही महिने वेगाचा विचार बाजूला ठेवा. ट्रॉली, म्हणजे क्रेनच्या तुळईवर सरकणारा आणि दोर वाहणारा भाग, एकदम थांबवली की दोरांवर लटकलेला कंटेनर लंबकासारखा पुढे जातो, आणि घाबरून ट्रॉली उलट दिशेला खेचल्यास झोका आणखी वाढतो. म्हणून भार ज्या दिशेला झुलतो आहे त्याच दिशेला ट्रॉली हलकेच नेऊन ती बरोबर त्याच्यावर आणावी. हे हाताला बसायला वेळ लागतो, पण बसते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ट्रेलरवरून उचलण्याची आहे:

- स्प्रेडरचे (कंटेनर वरून पकडणाऱ्या चौकटीचे) चारही ट्विस्टलॉक, म्हणजे कोपऱ्यांत फिरून अडकणारी कुलुपे, बंद झाल्याचा दिवा पाहा.
- कंटेनर वीतभर उचला आणि थांबा. ट्रेलरचे एखादे कुलूप उघडायचे राहिले असेल, तर चालकासह ट्रेलरही वर येऊ शकतो.
- भाराखाली माणूस दिसला, तर कोणी कितीही घाई केली तरी हालचाल थांबवा.

१ जुलै २०१६ पासून निर्यातीच्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवणे बंधनकारक आहे. तरीही केबिनमधला वजनाचा आकडा प्रत्येक वेळी वाचा. दोरांची तपासणी आणि स्लिंगचे (भार बांधून उचलण्याच्या दोरांचे किंवा पट्ट्यांचे) कोन यांविषयी तुमचा हात स्थिरावल्यावर बोलू.