वाचकांचे प्रश्न : कविता आठवते, उत्तरे का आठवत नाहीत?

प्रश्न : शाळा सुटून बरीच वर्षे झाली. मराठीच्या तासाला चालीवर म्हटलेल्या कविता आणि गणांचे सूत्र मला आजही धडाधड म्हणता येते. परंतु परीक्षेसाठी जागून पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांतले एक वाक्यही आठवत नाही. असे का व्हावे? नववीत असलेल्या माझ्या मुलीला कविता पाठ करायला सांगावे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी आपण ‘पाठ केल्या’ असे म्हणतो, पण त्या पाठ होण्याची रीत अगदी वेगळी होती. वृत्तबद्ध ओळ स्वतःच पुढचा शब्द सुचवत असते. भुजंगप्रयात हे वृत्त घ्या. त्याच्या प्रत्येक चरणात लघु-गुरू-गुरू असा य गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट) चार वेळा येतो आणि १२ अक्षरे होतात. मधला एखादा शब्द निसटला, तरी त्या जागी कोणत्या वजनाची किती अक्षरे हवीत हे जिभेला ठाऊक असते आणि चरणाच्या शेवटी यमकही साथ देते, त्यामुळे चुकीचा शब्द तिथे सहसा बसतच नाही. मौखिक परंपरेतील काव्य पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकते, याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन यांनीही लय, यमक आणि अर्थ यांची बंधने एकत्र आली की आठवणे सोपे होते, असे मांडले आहे. ‘यमाताराजभानसलगम्’ या गणांच्या सूत्राची रचना तर पाहतच राहावी अशी आहे. य गण हवा तर य-मा-ता ही तीन अक्षरे घ्यायची, म गणासाठी मा-ता-रा. अशी आठही गणांची लक्षणे त्या १० अक्षरांत सामावलेली आहेत.

तयार उत्तरांना असा कोणताच आधार नव्हता. गाइडमधील रसग्रहण दुसऱ्याच्या शब्दांत असे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते पुनःपुन्हा वाचले जाई. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना गद्य उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आदल्या रात्रीची घोकंपट्टी दुसऱ्या दिवशीच्या पेपरापुरती उपयोगी पडते आणि नंतर ओसरते, ती याच कारणाने. ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ या प्रश्नाला अनेकांनी नावे ठेवली, पण मला तो मोलाचा वाटतो. कारण हे वाक्य कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणाले, हे विद्यार्थ्याला धडा मिटून स्वतःच आठवावे लागे.

वर्षानुवर्षे थोडे थोडे शिकलेले फार काळ टिकते. शाळा-महाविद्यालयांत स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. पहिल्या तीन ते सहा वर्षांत त्यांचे ज्ञान झपाट्याने घटले होते. त्यानंतर उरलेला भाग मात्र जवळजवळ तीस वर्षे तसाच राहिला.

तेव्हा मुलीला कविता अवश्य पाठ करू द्या, परंतु कविता तिने निवडलेली असावी आणि ती मोठ्याने, काही दिवसांच्या अंतराने म्हटलेली असावी. प्रश्नोत्तरे मात्र पाठ करून घेऊ नका. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून तिच्याच शब्दांत चार ओळी लिहायला सांगा. त्या ओबडधोबड असल्या तरी चालतील.

प्रश्न : मराठीत मला नेहमीच उत्तम गुण मिळत, असे मी घरी सांगत आलो. जुनी गुणपत्रिका सापडली, तर ती वेगळेच सांगते. आठवण इतकी फसवी असते का?

उत्तर : असते, आणि त्यात लबाडी नसते. बाहरिक यांनीच आपल्या सहकाऱ्यांसह १९९६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या शालेय श्रेणी मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. सर्वोच्च श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, तर ‘ड’ श्रेणी अवघ्या २९ टक्के वेळा. आणि बहुतेक चुका श्रेणी वाढवून सांगण्याच्याच होत्या. शाळा सोडून फार काळ न लोटलेल्या मुलांची ही स्थिती असेल, तर आपल्या आठवणीत काही गुण वाढले याचे नवल वाटू नये. मराठीचा तास आपल्याला मनापासून आवडत असे, ही आठवण त्या गुणपत्रिकेमुळे खोटी ठरत नाही.