वाचकांचे प्रश्न : टॅबलेटवरील फोटो रिटचिंग

प्रश्न : माझा कराडला लहान स्टुडिओ आहे. लग्नाच्या फोटोंचे रिटचिंग मी अनेक वर्षे माउसने करीत आलो. मनगट दुखू लागल्याने यंदा आयपॅड घेतला आणि त्यासोबत मिळाले ते सर्वांत स्वस्त पेन घेतले. पेन कितीही दाबले तरी ब्रशची रेघ एकसारखीच उमटते. शिवाय स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो लॅबमधून काळपट छापून येतो. टॅबलेट बदलावा का?

उत्तर : टॅबलेट बदलू नये, पेन बदलावे. स्वस्त पेनांपैकी बहुतेकांना दाब कळतच नाही. २०२३ मध्ये आलेल्या यूएसबी-सी अ‍ॅपल पेन्सिलमध्येही ती सोय नाही. पहिल्या व दुसऱ्या पिढीच्या आणि प्रो पेन्सिलमध्ये ती आहे, मात्र प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडला चालत नाही, म्हणून आपल्या मॉडेलला कोणती जुळते ते पाहूनच खरेदी करावी. दाबाला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की, निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने रिटचिंग करणाऱ्या जुन्या कारागिरांचे सारे कसब हाताच्या हलक्या-जड दाबातच होते, आणि आजही ते तिथेच आहे. नवरीच्या गालावर पडलेली नथीची सावली घ्या. डाग आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकणारा हीलिंग ब्रश मोत्याच्या कडेला लागला की मोत्याचा रंग गालात ओढला जातो आणि तिथे राखी डाग उठतो. त्याऐवजी फोटोवर वेगळा लेयर, म्हणजे थर, घेऊन, एका जागचा भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन स्टॅम्पचा फ्लो, म्हणजे रंग उतरण्याचा वेग, दहा टक्क्यांच्या आसपास ठेवून, हलक्या हाताने सावली फक्त सौम्य करावी. ती पूर्ण पुसली, तर नथ चेहऱ्यापासून सुटून हवेत तरंगल्यासारखी दिसते. गालावरचा तीळही, गिऱ्हाइकाने स्वतः सांगितल्याशिवाय काढू नये असे मला मनापासून वाटते. तो त्या मुलीच्या ओळखीचा भाग आहे.

काळपट छपाईचा दोष बहुधा लॅबचा नसतो. रात्री मंद उजेडाच्या खोलीत स्क्रीन पूर्ण प्रखर ठेवून काम केले, की फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो आणि आपण तो नकळत गडद करून ठेवतो. कागदाला मात्र स्वतःचा प्रकाश नसतो. स्क्रीनच्या रंगछटा आपोआप बदलणारे ट्रू टोन व नाइट शिफ्ट आणि आपोआप बदलणारी प्रखरता, ही तिन्ही बंद करावीत. आयपॅडवर यातील शेवटचे बटण अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये असल्याने ते अनेकांना सापडत नाही. त्यानंतर लॅबमधून आलेली एक प्रिंट दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरावी, दोन्ही सारखी दिसेपर्यंत प्रखरता उतरवावी आणि तीच कायम ठेवावी. लॅबने वेगळे प्रोफाइल, म्हणजे फाइलमधील रंग कसे वाचायचे याची नोंद, सांगितले नसेल, तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण प्रोफाइलमध्ये द्यावी, नाहीतर शालूचा लाल रंग फिका पडण्याची शक्यता असते.

प्रश्न : स्क्रीनवर कागदासारखी खरखरीत फिल्म लावावी का?

उत्तर : पेन घसरत असेल तर हाताला ती बरी वाटते, पण तिच्यामुळे बारीक तपशील किंचित धूसर दिसतो आणि पेनचे टोक लवकर झिजते. त्वचेचे बारीक काम करणाऱ्याने साधी काचच ठेवावी आणि हात अडखळू नये म्हणून करंगळी व अनामिका झाकणारा दोन बोटांचा हातमोजा वापरावा.