जुन्या बाजारात मिळालेली दहा रागांची तबकडी

तुम्ही विचारलंय की जुन्या बाजारातून उचललेल्या एखाद्या अनोळखी रेकॉर्डने कधी अक्षरशः थक्क केलंय का. हो, एकीने केलंय. चरणजीत सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

२००७च्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी ताडपत्रीवर रेकॉर्डचा ढीग होता, बहुतेक हिंदी सिनेमाच्या. ही त्यात खाली, कव्हराशिवाय, नुसत्या कागदी पाकिटात. एचएमव्हीचं लेबल. नावातला 'डिस्को' वाचून मी ती परत ठेवणारच होतो, पण रागांच्या यादीत ललित दिसला. तेव्हा मी बाईंकडे ललितच शिकत होतो. तीस रुपयांना घेतली.

घरी सुई टेकवली आणि पहिल्यांदा वाटलं, प्लेअर चुकून ४५च्या वेगावर (मिनिटाला ४५ फेरे) राहिलाय. बघितलं तर ३३वरच होता. खाली एकसारखा चार मात्रांचा ठोका, त्यावर वेगात फिरणारा, कधी चिरका तर कधी बुडबुड्यांसारखा आवाज आणि त्याच्यावर रागाची चाल. तबला नाही, सतार नाही. ललित आला तेव्हा मी जमिनीवर बसून ऐकायला लागलो. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम वर्ज्य. एवढ्या घाईत कुठेतरी पंचम निसटणारच असं वाटत होतं, पण मला तरी तो सापडला नाही. यंत्र हाताशी असूनही या माणसाने रागाला सोडलं नव्हतं.

नंतर कळलं ते असं. चरणजीत सिंग मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली : तालाला टीआर-८०८, बासला टीबी-३०३ आणि चालीला ज्युपिटर-८. यातलं ३०३ महत्त्वाचं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बास गिटारची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. खऱ्या बाससारखं ते वाजेना, म्हणून १९८४मध्ये ते बंदही झालं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. पियानोच्या पट्टीवर जे जमत नाही ते इथे जमतं. आपल्या कानाला ती मींडेची दूरची बहीण वाटते. रागासाठी हे यंत्र त्यांनी का धरलं असेल, हे मला त्या घसरणीत ऐकू येतं.

रेकॉर्ड त्या वेळी चालली नाही. २००२मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत मिळाली. पुढे तो मुंबईत येऊन चरणजीतजींना भेटला आणि २०१०मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या रेकॉर्ड कंपनीतर्फे त्याने ती पुन्हा काढली. मग जगभर चर्चा झाली की 'ॲसिड हाउस' या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा जन्म मुंबईतला. कारण शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने हेच ३०३ वापरून काढलेलं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७चं, म्हणजे पाच वर्षांनंतरचं.

मला हा दावा पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकलेली असणं जवळपास अशक्य आहे. त्यांना ते यंत्र जुन्या मालात स्वस्तात मिळालं आणि त्यांनी त्याची बटणं पिरगाळून स्वतःचा आवाज शोधला. चरणजीतजींना राग वाजवायचा होता. त्यांना ॲसिडचा आजोबा म्हणताना भूपाली, मेघमल्हार, मालकंस ही नावं बाजूला पडतात, आणि तेच मला खुपतं. ज्याला हे राग माहीत आहेत त्याला या रेकॉर्डमध्ये दुप्पट ऐकू येतं. चरणजीतजी २०१५ साली मुंबईत वारले. त्याआधी, सत्तरीत, त्यांना हे परदेशात रंगमंचावर वाजवायला मिळालं याचा मला फार आनंद आहे.

ऐकायची असेल तर मूळ प्रतीच्या मागे लागू नका, २०१०ची आवृत्ती उत्तम आहे. सुरुवात भूपालीने करा. पाचच स्वर, त्यामुळे यंत्र काय करतंय ते स्वच्छ कळतं. मग ललित. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास गायब होतो.

माझी प्रत मी बाईंना नेऊन ऐकवली होती. ठोका सुरू झाल्यावर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ललित संपला तेव्हा म्हणाल्या, "सुई मागे घे, तो तीव्र मध्यम पुन्हा ऐकू दे."