जीववैद्यकातील पीएच.डी. : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले असून मला 57 टक्के गुण आहेत. क्षयरोगाचे जंतू औषधांना का जुमानत नाहीत, या विषयावर पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. घरचे म्हणतात, तीन वर्षांत होत असेल तर कर. आमचे एक सर म्हणतात, गाइड मिळाला की निम्मे काम झाले. नेट आवश्यक आहे का, शोधनिबंध किती लागतात आणि प्रत्यक्षात किती काळ धरावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या घरच्यांनी ऐकलेली तीन वर्षे खोटी नाहीत, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमांत ती किमान मुदत म्हणून येतात. कमाल मुदत सहा वर्षांची असून त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण लागतात, म्हणजे पात्रतेची अडचण तुम्हाला नाही. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर गटातील इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना यात पाच टक्क्यांची सवलत आहे.

प्रवेशासाठी नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा एक मार्ग झाला. जीवशास्त्राच्या उमेदवारांनी सीएसआयआर-यूजीसी नेटमधील ‘लाइफ सायन्सेस’ हा विषय घ्यायचा असतो. जून 2024 च्या सत्रापासून या परीक्षेचे निकाल तीन गटांत लागतात आणि तिसरा गट केवळ पीएच.डी. प्रवेशापुरता असतो, त्यातील गुणांना 70 टक्के व मुलाखतीला 30 टक्के भार असून ते गुण एक वर्षच चालतात. विद्यापीठ स्वतःची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) घेत असेल तर तोही मार्ग नियमांना मान्य आहे. तरीही माझा सल्ला असा की जेआरएफसाठी (नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन विद्यावृत्तीसाठी) एकदा तरी मनापासून तयारी करावी, कारण 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला दरमहा 37,000 आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ विद्यावृत्तीला) 42,000 रुपये मिळतात, शिवाय नियमांप्रमाणे घरभाडे भत्ता असतो. स्वतःची विद्यावृत्ती घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला गाइड निवडताना जे स्वातंत्र्य मिळते, ते प्रकल्पाच्या पैशावर अवलंबून असणाऱ्याला सहसा मिळत नाही. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत; आपण कोणत्या गटात बसतो ते पाहून त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

प्रवेशानंतर 12 ते 16 क्रेडिटचे कोर्सवर्क असते, त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय येतात, आणि किमान 55 टक्के गुणांशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. विद्यार्थी हिला उगाचच घाबरतात. गाइडबरोबरच्या रोजच्या कामात न दिसलेली चूक या समितीतील एखादा सदस्य अर्ध्या तासात दाखवून देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शोधनिबंधाबाबत मात्र ऐकीव माहिती जुनी असते. 2016 च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध आणि परिषदांमधील दोन सादरीकरणे सक्तीची होती. 2022 च्या नियमांनी ती सक्ती काढली. तुमचे विद्यापीठ किंवा संस्था स्वतःची अट ठेवू शकते, म्हणून नोंदणीच्या वेळीच ती लेखी विचारून घ्यावी.

आता तुमच्या विषयाकडे येतो, कारण काळाचा खरा हिशेब तिथे आहे. क्षयाचा जंतू अत्यंत संथ वाढतो. आपण महाविद्यालयात वाढवलेला ई. कोलाय हा जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो आणि घन माध्यमावर डोळ्यांना दिसणारी वसाहत उमटायला तीन आठवड्यांहून अधिक काळ जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने औषधाच्या सहा मात्रांच्या प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि चौथ्या आठवड्यात उघडून पाहिल्या, तेव्हा निम्म्या प्लेट्सवर बुरशीचा हिरवट कापूस पसरला होता. चूक फार तर पाच मिनिटांची असेल. भरपाई मात्र सव्वा महिन्याची झाली. वर्षात असे प्रयोग मोजकेच बसतात. म्हणूनच बऱ्याच प्रयोगशाळांत आधी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जलद वाढणाऱ्या, तुलनेने निरुपद्रवी भाऊबंदावर पद्धत पक्की करतात आणि मग मूळ जंतूकडे वळतात.

शिवाय क्षयाच्या जिवंत जंतूचे संवर्धन हाताळायला जैवसुरक्षा पातळी 3 ची, म्हणजे घातक जंतू बाहेर पडू न देणारी बंदिस्त, प्रयोगशाळा लागते आणि ती सर्वत्र नसते. सर म्हणतात तसे गाइड मिळणे महत्त्वाचे आहेच. पण गाइडला भेटाल तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा की अशी प्रयोगशाळा संस्थेत आहे की दुसरीकडे जावे लागेल, आणि दुसरीकडे असेल तर आठवड्यातले किती दिवस ती मिळते. गाइडच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नियमांप्रमाणे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेही संकोच न करता विचारावे.

परवानग्यांचे वेळापत्रक वेगळेच असते. उंदरांवर प्रयोग करायचे तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, रुग्णांचे थुंकी वा रक्ताचे नमुने घ्यायचे तर मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीची, आणि जनुकीय बदल केलेले जंतू वापरायचे तर जैवसुरक्षा समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वी हवी. काम आधी आणि मान्यता मागाहून, असे चालत नाही. तसा गोळा केलेला विदा (डेटा) प्रबंधात घालता येत नाही आणि चांगली नियतकालिके तो छापतही नाहीत. या समित्या रोज बसत नाहीत. प्राण्यांची संख्यासुद्धा मंजूर झालेली असते, ती पाच-सहांनी वाढवायची तरी पुन्हा अर्ज करावा लागतो. रुग्णाचे संमतिपत्रक त्याला कळेल अशा मराठीत हवे. इंग्रजीवरून घाईने उतरवलेले, ‘नमुन्याचे भविष्यकालीन उपयोजन’ असल्या भाषेतले पत्रक समितीने परत पाठवले तर दोष तिचा नसतो. कोर्सवर्क चालू असतानाच हे अर्ज तयार ठेवणारा विद्यार्थी बाकीच्यांपेक्षा सहज सहा महिने पुढे राहतो.

शेवटी प्रबंध, त्याची साहित्यचौर्य तपासणी, गाइडखेरीज विद्यापीठाबाहेरचे किमान दोन परीक्षक आणि खुली मौखिक परीक्षा. प्रबंध सादर झाल्यापासून हे सारे सहा महिन्यांत आटोपावे अशी नियमांची अपेक्षा आहे. साहित्यचौर्याच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; 60 टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. तुमच्या विषयासाठी घरी पाच वर्षे सांगा.

प्रश्न : माझे पीएच.डी.चे चौथे वर्ष चालू आहे आणि मी गरोदर आहे. पेशींवरचे प्रयोग थांबवावे लागतील. मुदत बुडेल का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बुडणार नाही. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना नियमांत पुनर्नोंदणीसह होणाऱ्या आठ वर्षांवर आणखी दोन वर्षे मिळू शकतात, त्यामुळे तुमची एकूण मर्यादा दहा वर्षांची होते. प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंतची रजा वेगळी आहे. रजेचा अर्ज गाइडमार्फत लेखी द्या आणि जाण्यापूर्वी उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधील आपल्या प्रत्येक खोक्याची यादी, कोणत्या कप्प्यात काय आहे यासह, वहीत आणि एखाद्या सहकाऱ्याजवळ ठेवून जा. परत आल्यावर लेबल पुसलेल्या नळ्या ओळखण्यात महिने घालवलेले लोक मला माहीत आहेत.

प्रश्न : मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. नोकरी सांभाळून किंवा ऑनलाइन पीएच.डी. होईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि संशोधनासाठी पुरेसा वेळ देऊ, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी सोडू, असे त्यात नमूद असावे लागते. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. देण्याला आयोगाची मनाई आहे. तशी जाहिरात दिसली तर शुल्क भरू नका.