फास्मोफोबियात सगळं आधी ठरवायचं की भुतावर सोडायचं? (तुमच्या ग्रुपच्या भांडणावर लांबलचक उत्तर)

फास्मोफोबिया म्हणजे चौघांनी मिळून झपाटलेल्या घरात शिरायचं आणि पुराव्यांवरून भूत कुठल्या प्रकारचं ते ओळखायचं, असा गेम. तर तुमच्यातल्या दोघांना कस्टम डिफिकल्टीत एकेक गोष्ट आपल्या हाताने लावून मगच घरात शिरायचंय आणि बाकीचे दोघं म्हणतायत मग भीती कसली, सरळ नाइटमेअर (आधीच ठरलेली एक अवघड लेव्हल) लावा आणि होऊ दे काय व्हायचं ते. मी हा गेम 2020 मध्ये अर्ली ॲक्सेसला आला तेव्हापासून ग्रुपमध्येच खेळतोय, आणि मला विचाराल तर तुम्ही भलत्याच मुद्द्यावर भांडताय.

कस्टम डिफिकल्टी 2022 च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हाही हीच ओरड होती, की आता गेमचा जीव गेला. गेला का? सेटिंगमध्ये काय काय बदलता येतं बघा ना. सुरुवातीची सॅनिटी (खेळाडूच्या मनाचा तोल, 100 पैकी) किती, पुरावे किती मिळणार, भुताचा स्पीड, हंट (भूत तुम्हाला मारायला मागे लागतं ते) किती वेळ चालणार, कर्स्ड वस्तू (टॅरो कार्डसारख्या शापित वस्तू) किती. पण भूत कोणतं येणार, कुठल्या खोलीत बसणार आणि नेमकं कधी उठणार हे कुठेच टिक करता येत नाही. म्हणजे दाराबाहेर सगळी निवड तुमची आणि दाराच्या आत त्याची. माझ्या मते ही वाटणी एकदम बरोबर आहे.

आता जे म्हणतात सगळं रँडम पाहिजे, त्यांना एक सांगतो. या गेममधले दचके बरेचसे रँडम नसतातच, मागून कारण सापडतं. बहुतेक भुतं टीमची सरासरी सॅनिटी 50 च्या आसपास उतरली की हंट करायला लागतात, म्हणजे तुम्ही घराबाहेरच्या ट्रकमध्ये निवांत बसलात तरी अंधारात फिरणाऱ्या दोघांमुळे सरासरी पडतेच. योकाई (भुताचा एक प्रकार) असेल आणि तुम्ही त्याच्याजवळ उभं राहून बडबड करत असाल तर तो 80 लाच उठतो. आमच्यात एक जण आहे त्याला गप्प बसवतच नाही, कॉरिडॉरमध्ये उभा राहून ऑफिसचं गाऱ्हाणं सांगत होता, बोलता बोलता टॉर्च फडफडायला लागला, दार लॉक, आणि तो बिचारा सॅनिटी 70 च्या वर आहे रे, कसं शक्य आहे असं ओरडतोय, आणि ओरडला म्हणून अजूनच लवकर सापडला कारण हंटमध्ये जवळच्या भुताला तुमचा आवाज ऐकू जातो, मराठीत बोललात तरी. ट्रकमध्ये आल्यावर लगेच कळलं की योकाई होता. असा दचका चालतो, कारण पुढच्या वेळी तुमच्याकडे करण्यासारखं काहीतरी असतं.

विनाकारण उठणारा एकच, डीमन. तो क्वचित कधीतरी सॅनिटी कितीही असो हंट करू शकतो. पुष्कळांना हे अन्यायाचं वाटतं, मला आवडतं. एक तरी असा पाहिजे, नाहीतर 50 च्या वर सगळे लग्नघरात फिरल्यासारखे फिरतील.

पण तुमच्या भांडणाचं खरं मूळ मला टॅरो कार्ड वाटतं. पत्ते हातात एकाच्या, भोगतात चौघं. सन आलं तर काढणाऱ्याची सॅनिटी फुल, मून आलं तर शून्य, हँग्ड मॅन आलं तर तो जागच्या जागी खलास, इथपर्यंत ज्याचं त्याच्याजवळ. पण डेथ आलं की तिथल्या तिथे हंट सुरू, तोही नेहमीपेक्षा लांब, आणि वरच्या मजल्यावर थर्मामीटर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काही कल्पनाच नाही. त्याने काहीच निवडलेलं नाही ना. त्यात मेल्यावर त्याचा आवाज जिवंतांना ऐकूही जात नाही, म्हणजे शिव्या द्यायची पण सोय नाही 😄 चिडचिड होते ती इथे, आणि लोक खापर फोडतात रँडमनेसवर.

म्हणून आमच्यात एकच नियम आहे. पत्ता काढायच्या आधी रेडिओवर सांगायचं, सगळ्यांनी लपायची जागा पकडली की मगच काढायचा. आता तुम्ही म्हणाल मग सरप्राइज कुठे राहिलं, तर उलट, कपाटात उभं राहून हातात स्मज (भुताला लांब ठेवणारा धूप) धरून पुढचा पत्ता कुठला येतोय याची वाट बघून बघा एकदा.

तुमच्यासाठी मी काय करेन तर नाइटमेअर सध्या नको, एक पुरावा लपवलेला असतो आणि नवीन माणूस त्यातच अडकतो, भुताकडे लक्षच जात नाही. कस्टममध्ये तिन्ही पुरावे ठेवा, सेटअप टाइम, म्हणजे सुरुवातीचा हंट नसलेला वेळ, शून्य करा (सगळ्यात सोप्या ॲमेच्युअर लेव्हलला 5 मिनिटं फुकट मिळतात, त्यानेच सगळे सुस्तावतात), कर्स्ड वस्तू एकच. सेटिंग दरवेळी वेगळ्याने लावायचं आणि बाकी तिघांनी बघायचं नाही. ज्यांना कंट्रोल हवाय त्यांना एका राउंडपुरता मिळेल, बाकीच्यांना नाइटमेअर न लावताही धक्के बसतील. टॅरोचं मात्र आजच बोलून घ्या.