आवाज आधी आला, चेहरा नंतर

चिरंजीवास, सप्रेम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर जे बोललास ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मालिकेच्या ऑडिशनला तू अख्खा उतारा पाठ करून गेलास आणि दुसऱ्याच वाक्याला समोरच्या माणसानं हात वर करून थांबवलं. "भाषा शुद्ध नाही. हवालदार-बिवलदार असेल तेव्हा कळवू." तुझ्या तोंडून 'पाणी'चं 'पानी' झालं होतं, एवढंच. नंतर तू मला विचारलंस, "सर, माझा आवाजच गावंढळ आहे का?" मी तेव्हा "झोप आता, सकाळी बोलू" म्हणून विषय टाळला. टाळायला नको होता. म्हणून हे पत्र.

तुला क्लॉड रेन्सची गोष्ट सांगतो. हॉलिवुडच्या जुन्या, कृष्णधवल काळातला हा चरित्र अभिनेता. तू 'कॅसाब्लांका' पाहिलायस, त्यातला तो मिश्कील फ्रेंच पोलीस अधिकारी म्हणजे हाच. त्याचा आवाज इतका रेशमी की पुढे जन्मभर तीच त्याची ओळख झाली. लोकांना वाटायचं, हा कुठल्या तरी सरदार घराण्यातला असणार.

प्रत्यक्षात तो १८८९ साली दक्षिण लंडनमध्ये अत्यंत गरीब घरात जन्मला. त्याची बरीच भावंडं लहानपणीच गेली. शाळा लवकर सुटली, रस्त्यावर पेपर विकायची वेळ आली. बोली अस्सल कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीची, जी ऐकली की तिथले शिष्ट लोक नाक मुरडायचे. त्यात जीभ अडखळायची आणि 'र' म्हणताच येत नसे. पूर्ण नाव विल्यम क्लॉड रेन्स, घरी विली. हा स्वतःला 'विली वेन्स' म्हणायचा. स्वतःचं आडनाव धड उच्चारता येत नाही अशा पोराकडे बघून हा पुढे आवाजावर जगेल असं कुणाला तरी वाटलं असेल का?

नाटकात तो आला तो पोऱ्या म्हणून. लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये नटांच्या खोल्यांची दारं ठोठावून "तुमची एंट्री आली" असं सांगत फिरायचं, हे त्याचं काम. मग तो प्रॉम्प्टर झाला, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारा, मग रंगमंच व्यवस्थेत वर चढला. ही प्रॉम्प्टरची पायरी लोक त्याचं चरित्र सांगताना एका ओळीत उरकतात. मला ती फार मोठी वाटते, कारण मी स्वतः आठ वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग केलंय. प्रॉम्प्टरला सगळ्यात अवघड काय जातं सांगू? वाक्य द्यायचं कधी हे नाही, द्यायचं नाही कधी हे ओळखणं. नट थांबलाय. तो विसरलाय, की त्यानं जागा घेतलीय, म्हणजे मुद्दाम थांबलाय? विसरलेल्या नटाचा श्वास छातीत वर अडकतो, डोळे खाली जातात. जागा घेणाऱ्याचा श्वास पोटात स्थिर असतो, नजर समोरच्यावरच असते. त्या अंधारात बसून मी जे शिकलो ते कुठल्याच शिबिरात शिकलो नाही. रेन्सचे सिनेमे पाहताना त्याचे थांबे ऐक. एकही थांबा रिकामा नसतो.

त्या थिएटरचे मालक-नट होते सर हर्बर्ट बिअरबोम ट्री. त्यांनी या पोरातला नट ओळखला आणि स्वतःच्या खिशातून त्याच्या उच्चारांच्या शिकवणीचे पैसे भरले. रेन्सनं ते शिकणं मनापासून केलं, वर्षानुवर्षं केलं. मधे पहिलं महायुद्ध आलं, फ्रान्समधल्या व्हिमीजवळच्या लढाईत विषारी वायूनं त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली ती कायमची. परत आल्यावर तो लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत अभिनय शिकवायला लागला. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन त्याचे विद्यार्थी. ज्याला 'र' म्हणता येत नव्हता, त्याच्याकडून इंग्रजी रंगभूमीवरचे दोन थोर आवाज शिकून गेले.

आता यातून तू भलताच अर्थ काढू नकोस. 'वऱ्हाडी पुसून टाकायची' असं मी म्हणत नाहीये. रेन्सच्या मुलीनं पुढे वडिलांच्या आवाजाचं वर्णन केलंय: अर्धा अमेरिकन, अर्धा इंग्रजी आणि मधे कुठेतरी थोडा कॉकनी. म्हणजे त्यानं जुनं घर पाडलं नाही, त्याला लागून नवीन खोल्या बांधल्या. म्हणून तो आवाज दुसऱ्या कुणासारखा वाटत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे चंद्रपूरकडचा एक मुलगा यायचा. मी त्याला 'ण' आणि 'ळ' इतके घोटवले की सहा महिन्यांत तो बातम्या दिल्यासारखं स्वच्छ बोलायला लागला. मला अभिमान वाटला. मग एका तालमीत त्याला बाप गेल्याची बातमी ऐकून रडायचं होतं. शब्द सगळे जागेवर आले, आणि आत काहीच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "सर, माझ्या घरी असं कोणी रडत नाही." त्याचं दुःख ज्या भाषेत होतं तीच मी बंद करून टाकली होती. त्यानं नाटक सोडलं. ही चूक माझी आहे आणि तुझ्या बाबतीत मी ती पुन्हा करणार नाही.

तेव्हा 'ण' कमवायचाच आहे, पण 'न' न गमावता. रोज सकाळी अर्धा तास मोठ्यानं वाच, वर्तमानपत्राचा अग्रलेखसुद्धा चालेल. जीभ मागे वळवून टाळूला लागते की नाही ते आरशात नाही, बोट हनुवटीखाली ठेवून बघ, तिथे हालचाल कळते. 'डोया' म्हणतोस तिथे 'डोळा' म्हण, मग पुन्हा 'डोया' म्हण. दोन्ही एकाच दमात, पाठोपाठ. दोन्हींमधून हवं तेव्हा ये-जा करता आली पाहिजे. आणि रात्री आईला फोन करशील तेव्हा 'मले', 'तुले'च म्हण. तिथे शुद्ध बोललास तर मला आवडणार नाही.

रेन्सला सिनेमा मिळाला तोही आवाजामुळेच. तोवर तो अमेरिकेत नाटकं करत होता. एका स्टुडिओनं त्याची स्क्रीन टेस्ट घेतली आणि नापास केली. असं सांगतात की तीच टेस्ट शेजारच्या खोलीत चालू असताना दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या कानावर तो आवाज पडला आणि त्याला हवा होता तो माणूस मिळाला. सिनेमा होता 'द इन्व्हिजिबल मॅन', १९३३ सालचा. नायकाचं तोंड पट्ट्यांनी गुंडाळलेलं, नाहीतर तो दिसतच नाही. अख्खा सिनेमा आवाजावर. चेहरा दिसतो तो अगदी शेवटी, मरणशय्येवर, काही क्षण. रेन्स तेव्हा ४४ वर्षांचा होता. तू २३ व्या वर्षी मला "उशीर झाला का" विचारतोस.

त्यानंतर वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी करार झाला आणि कामामागून काम येत गेलं. त्या काळी स्टुडिओ नटांना करारानं बांधून घ्यायचे. स्टुडिओ देईल ती भूमिका करायची, आज खलनायक राजपुत्र, उद्या मनोविकारतज्ज्ञ. नायकांना त्याचा जाच वाटे, ते भांडत. चरित्र नटांसाठी मात्र ती शाळा होती.

तुला दोन जागा दाखवतो. दोन्ही सिनेमे शोधून पाहा, पण आधी माझं ऐक.

पहिली 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मधली, १९३९. रेन्स आहे सिनेटर पेन, विकला गेलेला माणूस. जेम्स स्टुअर्ट हा भोळा तरुण सिनेटर. दोघं रेल्वेनं वॉशिंग्टनला निघालेत. तरुणाचा बाप छोट्या वर्तमानपत्राचा संपादक होता, पेनचा जिवलग मित्र. बड्या कंपनीशी लढताना पाठीत गोळी घालून मारलेला. बोलता बोलता पोरगा सहज विचारतो, एवढ्या मोठ्या ताकदीपुढे एकटा माणूस फार लांब जाऊ शकत नाही, नाही का? रेन्स एकच शब्द म्हणतो. "नो." आवाज न चढवता, जवळजवळ स्वतःशीच. पोराला त्यात काही वावगं ऐकू येत नाही. आपल्याला मात्र त्या माणसाची सगळी वर्षं ऐकू येतात, त्यानं मित्राच्या प्रेताशेजारी मनात काय ठरवलं असेल तेही. एवढ्याशा शब्दात ते मावलं, कारण शब्दाच्या आधीचं ऐकणं त्यानं पूर्ण केलं होतं. पोरगा बोलत असतो तेव्हा रेन्सकडे बघ, पोराकडे नको.

दुसरी हिचकॉकच्या 'नोटोरियस'मधली, १९४६. रेन्स इथे ब्राझीलमधल्या नाझींच्या टोळीतला सेबॅस्टियन. इन्ग्रिड बर्गमन त्याची बायको, जी खरं तर हेर आहे. बर्गमन त्याच्याहून उंच. त्याला उंच दाखवण्यासाठी काही शॉट्समध्ये पायाखाली फळ्या टाकल्या होत्या म्हणतात. दुसरा नट यानं खट्टू झाला असता. रेन्सनं मात्र बुटकेपणाची ती बोच भूमिकेत ओतली. हा खलनायक तिच्यावर खरोखर प्रेम करतो, म्हणून तो आपल्याला छळतो. शेवटी नायक तिला घेऊन मोटारीत बसतो. सेबॅस्टियनला माहीत आहे की मागे दारात साथीदार उभे आहेत आणि आता त्यांना सगळं कळलंय. मलाही न्या, म्हणून तो गयावया करतो. दार आतून बंद होतं, गाडी जाते. वरून कुणीतरी शांतपणे त्याला आत बोलावतं. तो वळतो आणि पायऱ्या चढायला लागतो. कॅमेऱ्याकडे पाठ. फक्त पाठ. खांदे किंचित आवळलेले, पावलांची गती ना जास्त ना कमी, जेवायला बोलावलेल्या यजमानाची. दार मिटतं, सिनेमा संपतो. ती पाठ मी किती वेळा पाहिली असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी त्या माणसाला परत बोलवावंसं वाटतं. नायकाचं काय झालं, याची मला तेव्हा आठवणही नसते.

ऑस्करसाठी त्याला चार नामांकनं मिळाली, मिळालं एकही नाही. नामांकनं होती ती या दोन सिनेमांसाठी, 'कॅसाब्लांका'साठी आणि 'मिस्टर स्केफिंग्टन'साठी. १९५१ साली रंगभूमीसाठीचं टोनी पारितोषिक मिळालं. पेन्सिल्व्हेनियात त्यानं शेती घेतली आणि ती त्याला मनापासून आवडायची. तुझ्या बाबांना हे सांग. १९६७ मध्ये तो गेला, त्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत पडद्यावर काम करत होता.

आता तुझ्या हातात जे आहे त्याकडे येऊ. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात तुला कंपाउंडर दिलाय आणि त्याला दोन वाक्यं आहेत, म्हणून तू तालमीला मनाविरुद्ध जातोयस, हे मला तुझ्या बोलण्यातून कळलं. मी संहिता वाचलीय. दुसऱ्या अंकात डॉक्टर त्या बाईला खोटं सांगतात तेव्हा तो कंपाउंडर दारात उभा आहे. बाटल्या भरणारा तोच. म्हणजे औषध काय दिलं हे त्या खोलीत डॉक्टरांशिवाय फक्त त्यालाच ठाऊक आहे. लेखकानं त्याला तिथून बाहेर काढलेलं नाही. तो का थांबलाय? त्याला घरी किती पगार न्यायचाय, ती बाई त्याच्या ओळखीची आहे का, हातातली बाटली तो कुठे ठेवतो? हे सगळं कागदावर लिहून काढ. मग दाराच्या चौकटीत उभा राहून नुसतं ऐक.

तो कुठला आहे हेही संहितेत लिहिलेलं नाही. दिग्दर्शकाला विचारून बघ, यवतमाळचा असला तर चालेल का.

रविवारी सकाळी नऊला घरी ये. कंपाउंडरचं पान आण आणि ऑडिशनला म्हटलास तो उताराही आण. तो मला आधी तुझ्या आईच्या बोलीत म्हणून दाखव.

तुझा,
सर