अभंगात मात्रा मोजायच्या की अक्षरे?

प्रश्न असा आहे: ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया’ या चार चरणांच्या मात्रा (लघु म्हणजे आखूड अक्षराची एक, गुरू म्हणजे लांब किंवा भार पडलेल्या अक्षराची दोन) 9, 9, 8 आणि 7 भरतात, मग तुकोबांचा छंद चुकला का? आणि ‘ध्या’ हे जोडाक्षर एक धरायचे की दोन?

छंद चुकलेला नाही, मोजण्याची रीत बदलायला हवी. मोठ्या अभंगात, म्हणजे अशा चार चरणांच्या अभंगप्रकारात, मात्रा पाहत नाहीत, अक्षरे पाहतात: 6, 6, 6, 4. सुं-द-र-ते-ध्या-न, झाली सहा. ‘ध्या’ एकच, कारण त्यात स्वर एकच आहे. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते: विटेवरी, कटावरी. कुठले अक्षर लांबवायचे आणि कुठले आखडायचे, ते गाणारा टाळाच्या ठेक्यावर ठरवतो.

जोडाक्षराचा घोळ बहुधा शाळेत शिकलेल्या वृत्तांमुळे होतो. भुजंगप्रयात या वृत्तात लघु-गुरूंचा क्रम पक्का असतो. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ यात ‘ज्ज’मुळे आधीचा ‘स’ गुरू होतो आणि ‘क्ति’मुळे ‘भ’. ‘ज्ज’ आणि ‘क्ति’ स्वतः मात्र लघुच राहतात. म्हणजे वृत्तातही जोडाक्षराची दोन अक्षरे होत नाहीत, ते फक्त मागच्या अक्षरावर भार टाकते. मराठीत तेही दरवेळी घडत नाही. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून तो लघु.

आता मला यातला सर्वांत आवडणारा भाग. याच अभंगात पुढे ‘तुळसीहार गळां’ आहे. कागदावर मोजा: तु-ळ-सी-हा-र-ग-ळां, सात! ‘आवडे निरंतर’ हेही सात. इथे पुष्कळ जण अडखळतात आणि पाठ बिघडला असावा असे म्हणू लागतात. पण मोठ्याने म्हणून पाहा. आपण ‘तुळ्सी’ म्हणतो, ‘आव्डे’ म्हणतो. मधला अ गिळला जातो आणि सहा उरतात. पहिल्या चरणात उलटे होते: बोलताना ‘ध्यान्’ असा उच्चार होतो, पण अभंगात शेवटचा ‘न’ पुरा मोजला जातो. मराठीतला हा न लिहिलेला अ कधी उच्चारायचा, कधी सोडायचा, ही मोकळीक संतकवींनी मनसोक्त वापरली आहे. म्हणून अभंगाची अक्षरे मोजताना छापील ओळीवर बोट ठेवू नका, ओळ म्हणत म्हणत मोजा.

‘मकरकुंडले तळपती श्रवणी । कंठी कौस्तुभमणी विराजित’ घ्या. पहिला चरण सरळ सहाचा आहे. दुसऱ्यात ‘तळप्ती’ म्हणा, तिसऱ्यात ‘कौस्तुभ्’. दोन्हीकडे सहा येतात आणि ‘वि-रा-जि-त’ चार.